प्राथमिक शिक्षकांना वर्गात कॉम्प्युटर वापरायला कसं तयार करायचं

बहुतेक ट्रेनिंग कशी चालते ते सगळ्यांना माहितीये, पहिल्या दिवशी सीपीयू म्हणजे काय, रॅम म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी वर्ड आणि एक्सेल, तिसऱ्या दिवशी फोटो आणि सर्टिफिकेट. मग शिक्षक परत वर्गात जातात आणि कॉम्प्युटरवरचं कव्हर काही निघत नाही. याचा अर्थ शिक्षकांना जमत नाही असा नाही हो, त्यांना मशीन शिकवलं पण समोर पोरं बसलेली असताना त्या मशीनचं करायचं काय हे कुणी सांगितलंच नाही. युनेस्कोने शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांचा जो आराखडा केलाय (तिसरी आवृत्ती 2018 ची) त्यात कामाचे 6 भाग धरलेत आणि प्रत्यक्ष डिजिटल कौशल्य हा त्यातला फक्त एक, बाकी अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत, वर्ग सांभाळणं वगैरे. आपण मात्र तो एकच भाग धरून बसतो.

तर तुम्ही मुख्याध्यापक असाल, ट्रेनर असाल किंवा शाळेतले "कॉम्प्युटरवाले सर/मॅडम" म्हणून हे काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर खालच्या क्रमाने करून बघा.

1. कुणाला काय येतं ते करून बघायला लावा

फॉर्म भरून घेऊ नका, "कॉम्प्युटर येतो का" विचारलं की सगळे "थोडाफार" लिहितात. त्यापेक्षा साधी कामं द्या: पेनड्राइव्हवरची फाईल उघडा, त्यात मराठीत चार ओळी टाइप करा, नवीन नावाने सेव्ह करा, फाईल बंद करा आणि आता ती परत शोधून दाखवा. शेवटच्या कामाला निम्मे लोक अडकतात, कारण मोबाईलवर फाईल कुठे ठेवली हा प्रश्न फारसा येतच नाही. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच शिकवा (म्हणजे अक्षरं कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतात), जुन्या फॉन्टमधली फाईल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की भलतीच चिन्हं दिसतात आणि शिक्षकाला वाटतं आपणच काहीतरी बिघडवलं.

2. सुरुवात धड्यापासून, सॉफ्टवेअरपासून नाही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. प्रत्येक शिक्षकाला विचारा की कुठला भाग फळ्यावर कितीही समजावला तरी पोरांच्या डोक्यावरून जातो? तो एक भाग घ्यायचा आणि त्याच्यापुरतंच कॉम्प्युटर शिकायचं. मिश्रा आणि कोहलर या दोन अभ्यासकांनी 2006 मध्ये हेच मांडलं होतं, विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान वेगवेगळं शिकून भागत नाही, तिन्हीची सांगड घालता यावी लागते.

उदाहरण घ्या अपूर्णांकाचं. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, विचारलं की बरीच पोरं चतुर्थांश म्हणतात, कारण 4 हा 3 पेक्षा मोठा. आता शिक्षकाला कोरी स्लाइड उघडायला सांगा, एक ओळ आणि 3 रकान्यांचं टेबल टाका, त्याच्या खाली तेवढ्याच रुंदीचं एक ओळ 4 रकान्यांचं टेबल, आणि दोन्हीतला पहिला रकाना रंगवा. झालं. वरचा रंगीत तुकडा मोठा दिसतो, वाद संपला. पण वर्गात हे लगेच दाखवायचं नाही, आधी प्रश्न विचारायचा, पोरांनी अंदाज वहीत लिहायचा, बाजूच्याशी वाद घालायचा आणि मगच स्क्रीन उघडायची. या एका कामात शिक्षक टेबल टाकणं, रुंदी बदलणं, रंग भरणं, सेव्ह करणं सगळं शिकतो, "आज आपण टेबल शिकणार" असं न म्हणता.

3. माऊस ट्रेनरच्या हातात नको

कुणी अडलं की "थांबा मॅडम, मी करून देतो" म्हणत माऊस ओढून घेणारे ट्रेनर ट्रेनिंगची वाट लावतात, दोन सेकंदात काम होतं आणि मॅडम काहीच शिकत नाहीत. ट्रेनरने हात मागे बांधून फक्त बोलायचं. एका मशीनवर दोघांना बसवा, एकाने माऊस धरायचा, दुसऱ्याने सांगायचं, दहा-दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. जोडीत ज्याला जास्त येतं त्याला पहिल्यांदा सांगणाऱ्याच्या जागेवर बसवा, नाहीतर पूर्ण वेळ माऊस त्याच्याकडेच राहतो.

4. फजितीची रंगीत तालीम

शिक्षक कॉम्प्युटर टाळतात त्याचं खरं कारण बऱ्याचदा हे असतं की पोरांसमोर अडलो तर काय इज्जत राहील. म्हणून मुद्दाम अडवा! ट्रेनिंग चालू असताना केबल काढा, नेट बंद करा, स्पीकर म्यूट करा आणि त्यांना सोडवू द्या. विंडोजवर ही चार बटणं पाठ झाली तरी बराच धीर येतो:

- प्रोजेक्टरवर काही दिसत नसेल तर केबल तपासा आणि विंडोज की धरून पी दाबा, मग "डुप्लिकेट" निवडा.
- चुकून काही उडालं तर कंट्रोल आणि झेड.
- ब्राउझरमधली अक्षरं मागच्या बाकावरून दिसत नसतील तर कंट्रोल आणि प्लस.
- पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना बी दाबलं की स्क्रीन काळी होते, परत बी दाबलं की येते.

शेवटचं बटण सगळ्यात कामाचं, कारण चित्र समोर असेपर्यंत पोरं तुमच्याकडे बघणारच नाहीत. व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवायचा, आणि लाईट गेली तर तोच धडा खडूने कसा पुढे न्यायचा ते दोन ओळीत आधीच लिहून ठेवायचं. अजून एक, प्रोजेक्टरला जोडलेल्या मशीनवर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडं ठेवू नका, का ते सांगायला नको.

5. पोरं आणि मशीन यांचं गणित

वर्गात एकच कॉम्प्युटर असेल तर तो सगळ्यांनी मिळून विचार करायचा फळा म्हणून वापरा, नाहीतर एक गट मशीनवर आणि बाकीचे गट त्याच विषयाचं वहीतलं काम करतायत असं फिरवा. लॅब असेल तर एक खूण ठरवा, "हात वर" म्हटलं की माऊस सुटलाच पाहिजे, आणि ही खूण पहिल्याच तासाला मशीन चालू करायच्या आधी पक्की करून घ्या.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर फुकटातलं भरपूर आहे. लहानग्यांना चित्र काढायला टक्स पेंट, माऊस-कीबोर्डची सवय व्हायला जीकॉम्प्री, ठोकळे जोडून छोटे प्रोग्रॅम बनवायला 5 ते 7 वयाला स्क्रॅचज्युनिअर आणि 8 च्या पुढे स्क्रॅच, जे एमआयटीमध्ये तयार झालं आणि 2007 पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. याचा पूर्वज म्हणजे लोगो, 1967 मध्ये सेमूर पॅपर्ट, वॅली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी बनवलेली भाषा. पॅपर्ट यांचा आग्रह असा की मुलाने मशीनला कामाला लावावं, मशीनने मुलाला नाही. प्रश्नमंजुषेचे गेम बघताना हे लक्षात ठेवा, पोरं उत्तर बरोबर येईपर्यंत टकाटक क्लिक करत सुटतात आणि शेवटी स्टार मिळतो, शिकलं काहीच नाही. गेम वापरायचाच असेल तर आधी उत्तर आणि कारण वहीत, मग क्लिक.

मुलांचे फोटो, पूर्ण नावं, पासवर्ड कुठल्याही वेबसाईटवर टाकायचे नाहीत हे याच टप्प्यात सांगून टाका, आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलांच्या नावाने अकाउंट उघडायचं नाही.

6. सहकारी मागच्या बाकावर

तीन दिवस सलग कोंबण्यापेक्षा आठवड्याला एक तास, पूर्ण सत्रभर, हे कधीही बरं. शिकलेलं आधी सहकाऱ्यांसमोर पंधरा मिनिटं शिकवून बघायचं, मग खऱ्या वर्गात, आणि तेव्हा एक सहकारी मागे बसलेला हवा. जॉइस आणि शॉवर्स या शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात शिक्षकांनीच एकमेकांना मदत करण्यावर बराच भर दिला होता, कारण नुसतं ऐकून-बघून शिकलेलं वर्गापर्यंत फारसं पोचत नाही. मागे बसणाऱ्याने शिक्षकाला मार्क द्यायचे नाहीत, फक्त पोरांकडे बघून लिहायचं: सर फाईल शोधत होते तेव्हा पोरं काय करत होती, स्क्रीनकडे बघून कुणी प्रश्न विचारला का, माऊस दर वेळी त्याच दोन पोरांकडे गेला का (आणि मुलींना मिळाला का). नंतर दोघांनी चहाच्या सुट्टीत बोलायचं, तिथे मुख्याध्यापक नकोत.

7. महिन्याने काय तपासायचं

फीडबॅक फॉर्ममध्ये सगळे "खूप छान" लिहितात, त्यावर जाऊ नका. सगळ्यांचे धडे एका कॉमन फोल्डरमध्ये ठेवा, नाव असं: इयत्ता, विषय, पाठ. मग फोल्डर उघडून फाईल शेवटची कधी बदलली ती तारीख बघा. वर्गात वापरलेली फाईल शिक्षक सहसा नंतर थोडी बदलतो, अक्षर मोठं करतो, एखादी स्लाइड काढून टाकतो. ट्रेनिंगच्याच दिवशीची तारीख राहिली असेल तर त्या शिक्षकाला जाऊन विचारा की अडलं कुठे, आणि बऱ्याचदा उत्तर इतकंच मिळेल की लॅबची चावी वेळेवर मिळत नाही, ते मात्र तुम्हीच त्याच दिवशी सोडवायचं.