मायक्रोमीटरचं सर्टिफिकेट फाइलला लावण्याआधी नीट वाचा

साकीनाक्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, बघतो. आमच्या 25 एमएमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल मायक्रोमीटरवर (बारीक जाडी मोजायचं साधन) कॅलिब्रेशनचा, म्हणजे लॅबमध्ये अचूकता तपासल्याचा, स्टिकर होता, तारीखही उलटली नव्हती, तरी 22.8 एमएमच्या शाफ्टचा अख्खा लॉट परत आला. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, प्लस-मायनस 0.01, आम्ही 22.793 वाचून ओके केलेले, आणि मग फाइल काढली तर सर्टिफिकेटवर 22.8 समोर एरर प्लस 0.008 सरळ छापलेला, म्हणजे मायक्रोमीटर तेवढं जास्त दाखवत होता आणि शाफ्ट खरा 22.785, अंडरसाइझ. सहा महिने तो कागद कुणी उघडलाच नव्हता. म्हणून हे सगळं लिहितोय.

मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला पाठवायच्या आधी लॅबचा एनएबीएल स्कोप बघा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेने तिला कशाकशाची मान्यता दिली आहे ती यादी. नुसतं 'आमच्याकडे एनएबीएल आहे' यावर जाऊ नका, मान्यता ठराविक मापांना आणि ठराविक रेंजलाच असते. चेक पॉइंटही विचारा, म्हणजे कोणकोणत्या मापांवर तपासणार ते. 5, 10, 15, 20 एवढेच घेतले तर थिंबल (मायक्रोमीटरचा फिरवायचा भाग) दर वेळी शून्यावरच येऊन थांबतो, स्क्रूच्या मधल्या चुका कळतच नाहीत, म्हणून 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9 असे विचित्र दिसणारे आकडे घेतात.

सर्टिफिकेट आलं की आधी मास्टर, म्हणजे ज्याच्याशी ताडून पाहिलं ते माप, बघा. ज्या स्लिप गेजवर (अचूक मापाचा ठोकळा) तुमचा मायक्रोमीटर तपासला त्याचा नंबर आणि त्याची मुदत त्यात हवी, कारण ते स्लिप गेज त्याच्या वरच्या लॅबमध्ये, ती लॅब आणखी वर, असं करत साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, यालाच ट्रेसेबिलिटी म्हणतात. प्रत्येक पायरीला अनसर्टंटी, म्हणजे मापाबद्दलची शंका, थोडी वाढते, म्हणून तो आकडा नसलेला कागद घेऊच नका, परत पाठवा. एररचा कॉलम मात्र झेरॉक्स काढून मायक्रोमीटरच्या डब्यात ठेवा, ऑपरेटरला दिसला पाहिजे.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. लांबीची मापं 20 डिग्रीला धरतात आणि मे महिन्यात आपल्या पत्र्याखाली 35 असतं. स्टीलचा जॉब आणि स्टीलचाच मायक्रोमीटर दोन्ही सारखेच गरम असतील तर फरक बराचसा कटतो, पण ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं, 100 एमएमवर साधारण 0.017 चा फरक राहतो. मशीनवरून उतरलेला गरम जॉब तर लगेच मोजूच नका, सरफेस प्लेटवर (तपासणीची सपाट लादी) तासभर राहू दे. पावसाळ्यात स्लिप गेजला उघडा हात लावू नका, घामाने गंजतात, काम झालं की पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा.

दर सोमवारी झिरो आणि एका स्लिप गेजवर रीडिंग घेऊन वहीत लिहा. रीडिंग हललं तर नुसतं झिरो करून कामाला लागू नका, मागच्या बरोबर नोंदीपासून त्या मायक्रोमीटरने मोजलेला सगळा माल आधी बाजूला काढा.