घरचं जेलीफिन बाहेरून पाहा, पण राउटरचं दार न उघडता

जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन, म्हणजे आपलेच चित्रपट घरभर दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलं, घरच्या टीव्हीवर सगळं छान दिसतंय. मग वाटतं, गावी गेल्यावरही हे पाहता यावं. त्यासाठी बरेच जण राउटरमध्ये जेलीफिनचा ८०९६ हा पोर्ट फॉरवर्ड करतात, म्हणजे बाहेरच्यांना थेट लॅपटॉपपर्यंत येण्याचं दार उघडतात. कृपया तसं करू नका. उघडे पोर्ट शोधणारे स्कॅनर इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. शिवाय ८०९६ वर साधं, एन्क्रिप्ट न केलेलं एचटीटीपी चालतं, म्हणजे तुमचा पासवर्डही उघडाच जातो.

सुरुवात राउटरपासून करा. पोर्ट फॉरवर्डिंगच्या जुन्या नोंदी काढून टाका आणि यूपीएनपी ही सोय बंद करा. ते चालू असलं की घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकतं. तिथेच वॅन आयपी, म्हणजे राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तिथे पोर्ट फॉरवर्ड करून काही होतही नाही.

आता टेलस्केल. हे वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालणारं, तुमच्याच उपकरणांचं खासगी जाळं आहे. सर्व्हर (म्हणजे तो जुना लॅपटॉप) आणि फोन दोघेही आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही आणि सीजीनॅटही आड येत नाही. दोन्हीकडे ॲप टाकून एकाच खात्याने लॉगिन करा. त्या खात्याला टू-फॅक्टर लावलंच पाहिजे, कारण आता घराची किल्ली तेच आहे. सर्व्हरला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळेल. जेलीफिनच्या ॲपमध्ये तो पत्ता आणि पुढे ८०९६ टाका. इथे एचटीटीपी चालेल, कारण सगळी वाहतूक एन्क्रिप्ट होऊनच जाते.

एक गोष्ट हमखास राहून जाते. टेलस्केलमधली प्रत्येक उपकरणाची ‘की’, म्हणजे लॉगिनची किल्ली, साधारणपणे १८० दिवसांनी संपते आणि तुम्ही परगावी असताना सर्व्हर गायब होतो. फक्त सर्व्हरपुरती ही मुदत बंद करा, फोनची राहू द्या. बहिणीला पाहायचं असेल तर तिला तुमचा पासवर्ड देऊ नका. टेलस्केलमधून तेवढं एकच मशीन तिच्या खात्याशी शेअर करता येतं.

जेलीफिनमध्ये रोजच्या वापरासाठी वेगळा, ॲडमिन नसलेला युजर करा. फक्त ॲडमिन युजरच्या सेटिंगमधली बाहेरून जोडणीची परवानगी काढून टाका. चित्रपटांचा फोल्डर सर्व्हरला फक्त वाचता येईल असा ठेवा.

अपडेट मात्र टाळू नका. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोर शिरले, ते एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावरून. तिथल्या प्लेक्स या जेलीफिनसारख्याच मीडिया सॉफ्टवेअरमधली त्रुटी त्यांनी वापरली. प्लेक्सने पुढे सांगितलं की ती त्रुटी मे २०२० मध्येच दुरुस्त केली होती, पण त्या संगणकावर अपडेट टाकलेलं नव्हतं.

शेवटी तपासणी. फोनचं वायफाय आणि टेलस्केल दोन्ही बंद करा आणि मोबाइल डेटावरून घरचा सार्वजनिक आयपी ८०९६ सह उघडून पाहा. काहीच उघडता कामा नये. मग टेलस्केल चालू करून त्या १०० वाल्या पत्त्यावर जा, लॉगिनचं पान यायला हवं.

फोन हरवला, तर आधी टेलस्केलच्या मशीन-यादीतून आणि मग जेलीफिनच्या डॅशबोर्डमधल्या उपकरणांमधून तो काढून टाका.