गाउटचे झटके मोजताय? या चुका टाळा

गाउटच्या, म्हणजे युरिक अॅसिडच्या स्फटिकांमुळे सांधे सुजून दुखण्याच्या आजाराच्या, अभ्यासात औषध कोणतं, मात्रा किती, यावर महिनोन्‌महिने खल होतो. झटका मोजायचा कसा, हे मात्र फॉर्म छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी ठरतं.

झटक्याची व्याख्या तयार आहे, २०१८ साली तिची पडताळणीही झाली आहे. चारपैकी किमान तीन गोष्टी हव्यात: रुग्ण स्वतः ‘झटका आला’ म्हणतो, स्वस्थ बसलेला असतानाची वेदना ० ते १० च्या पट्टीवर ३ पेक्षा जास्त, किमान एक सांधा सुजलेला, किमान एक गरम. इतकं सोपं आहे. तरी घोळ होतोच.

एका अभ्यासाची माहिती माझ्याकडे तपासायला आली. झटके फारच जास्त दिसत होते. दोन दिवस मी प्रोग्रॅमला दोष देत बसलो. मग मूळ कागद मागवले. फॉर्मवर छापलं होतं, ‘वेदना ३ किंवा जास्त? हो/नाही’. ‘पेक्षा जास्त’चं ‘किंवा जास्त’ झालं होतं आणि ‘स्वस्थ बसल्यावर’ हे शब्द गायबच. चालताना दुखणाराही ‘हो’ म्हणणार. नुसता ३ चा उंबरठा चुकला असता तर दुरुस्त करता आला असता, पण आकडा कुणी लिहिलाच नव्हता. एका परिचारिकेने समासात पेन्सिलने ‘३’, ‘४’ टिपून ठेवले होते, तेवढ्याच रुग्णांच्या बाबतीत उंबरठा सुधारता आला. तेव्हापासून मी हो/नाहीचा चौकोन दिसला की फॉर्म परत पाठवतो. आकडा लिहा, उंबरठा नंतर लावता येतो. वेळ वाचवायला केलेला चौकोन शेवटी सगळ्यात महाग पडतो.

ही व्याख्या गाउटचं निदान आधीच झालेल्यांसाठी आहे. निदानाला ती वापरू नका.

तीन महिन्यांनी ‘किती झटके आले?’ विचारणं म्हणजे आठवणीची परीक्षा घेणं. रोजची डायरी द्या, नाहीतर झटका आल्याबरोबर फोन करायला सांगा. एक झटका संपून दुसरा कधी सुरू झाला, याचा नियम आधी लिहा. नाहीतर दोन भेटींमध्ये रेंगाळलेला झटका दोनदा मोजला जातो.

आता उतावळ्यांसाठी. युरिक अॅसिड उतरवणारं औषध सुरू केल्यावर पहिले काही महिने झटके वाढू शकतात, म्हणून तर सोबत झटके रोखणारं कोल्चिसिन देतात. कोल्चिसिन बंद केलं की आलेख पुन्हा उसळतो. सहाव्या महिन्यात ‘औषध चालत नाही’ असा निकाल देणाऱ्यांना मी एकच विचारतो: कोल्चिसिन कधी थांबवलं? उत्तर बहुधा फाइलमध्ये शोधावं लागतं. खरा फरक दिसायला वर्षभर, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं.

सरासरीवर भिस्त ठेवू नका. बहुतेकांना शून्य किंवा एक झटका, दोघाचौघांना दहा. संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीलाच बोलवा.

आणि झटक्यात युरिक अॅसिड नॉर्मल आलं म्हणून झटकाच खोडणारेही भेटतात. झटक्याच्या वेळी ते उतरलेलं असू शकतं. खोडरबर खाली ठेवा.