एनएचएलचा सॅलरी कॅप शिकायचा असेल तर

सॅलरी कॅप म्हणजे संघाने एका हंगामात खेळाडूंवर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, करारांच्या बाजूने काम करायचं असेल तर दोन आकडे कायम वेगळे ठेवायची सवय लावा. एक, खेळाडूला त्या वर्षी मिळणारा पगार. दुसरा, त्या खेळाडूपोटी संघाच्या कॅपमध्ये धरली जाणारी रक्कम, म्हणजे कॅप हिट. साइनिंग बोनस (पगाराखेरीज सहीबद्दल मिळणारी रक्कम) धरून कराराची एकूण रक्कम भागिले कराराची वर्षं, हा झाला कॅप हिट. टोरंटो संघाच्या ऑस्टन मॅथ्यूजचा करार चार वर्षांचा, ५ कोटी ३० लाख डॉलरचा. कोणत्या वर्षी कितीही पैसे मिळोत, कॅप हिट दरवर्षी १ कोटी ३२ लाख ५० हजारच.

२००४-०५चा अख्खा हंगाम मालक-खेळाडू वादात बुडाला, आणि त्यानंतर ही मर्यादा आली. सुरुवातीला ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६मध्ये ९ कोटी ५५ लाख. खालचीही मर्यादा असते: २०२५-२६मध्ये ७ कोटी ६ लाख. तेवढा खर्च दाखवावाच लागतो.

सरासरीचा हा नियम कळला की पळवाट लगेच दिसते. २०१० साली न्यू जर्सी संघाने इल्या कोवाल्चुकला १७ वर्षांसाठी १० कोटी २० लाखांचा करार दिला. त्यातले साडेनऊ कोटी पहिल्या दहा वर्षांत, आणि शेवटची पाच वर्षं दरवर्षी फक्त साडेपाच लाख. शेपूट लांबवून कॅप हिट ६० लाखांवर आणला होता. लीगने करार फेटाळला आणि लवादानेही तेच उचलून धरलं. करार हातात आला की एकूण रकमेआधी वर्षवार तक्ता पाहा, हा धडा इथूनच.

सगळ्यात जास्त चुका बायआउटच्या, म्हणजे पैसे देऊन खेळाडूला करारातून मुदतीआधी मोकळं करण्याच्या, हिशेबात होतात. खेळाडू २६ किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात विभागून द्यायची. पण कॅपवर सूट मिळते ती त्या वर्षी वाचलेल्या पगाराएवढीच. मिनेसोटा संघाने २०२१मध्ये झॅक पारिझे आणि रायन सूटर दोघांनाही असं मोकळं केलं. प्रत्येकाचा कॅप हिट सुमारे ७५ लाख ३८ हजार. चार वर्षांचे मिळून १ कोटी डॉलर उरले होते. त्याचे दोन-तृतीयांश आठ वर्षांत वाटले तर वर्षाला सुमारे ८ लाख ३३ हजार. २०२३-२४मध्ये प्रत्येकाचा मूळ पगार १० लाख होता, म्हणजे वाचले फक्त १ लाख ६७ हजार. बाकीचे ७३ लाख ७१ हजार खात्यावर तसेच राहिले. दोघांचे मिळून सुमारे १ कोटी ४७ लाख, आणि मैदानात त्याबदली कोणीही नाही! हा हिशेब एकदा कागदावर स्वतः मांडा. नुसतं वाचून तो डोक्यात बसत नाही.

आयपीएलची पर्स लिलावाच्या टेबलावर मोजली जाते, इथला कॅप मात्र हंगामात दिवसागणिक मोजला जातो. समजा हंगाम १९० दिवसांचा आहे आणि संघाने पहिल्या दिवसापासून १० लाखांची जागा मोकळी ठेवली. ४८ दिवस उरले असताना त्या जागेत १० लाख × १९० ÷ ४८, म्हणजे सुमारे ३९ लाख ६० हजार कॅप हिटचा खेळाडू बसतो. मार्चमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीपर्यंत काटकसरीने थांबणारे संघ याच गणितावर थांबतात. पण दीर्घकालीन दुखापतीची सवलत (बराच काळ जायबंदी असलेल्या खेळाडूच्या बदल्यात कॅपपलीकडे खर्च करायची मुभा) वापरणाऱ्या संघाची जागा अशी साठत नाही. नवखे विश्लेषक नेमके हेच विसरतात आणि अशक्य सौदे सुचवतात.

हीच सवलत प्लेऑफमध्ये वादाची ठरली. २०२०-२१मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव शस्त्रक्रियेमुळे पूर्ण नियमित हंगाम बाहेर होता. प्लेऑफला परतला, सर्वाधिक गुण मिळवले आणि संघाने चषक जिंकला. तेव्हा प्लेऑफमध्ये कॅप मोजलाच जात नव्हता, त्यामुळे सगळं नियमात होतं. २०२५-२६पासून प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या खेळाडूंची बेरीजही कॅपमध्ये बसावी लागते. आमच्या मते हा बदल खूप आधी व्हायला हवा होता.

सरावाला एकच संघ निवडा. २३ जणांची यादी, बायआउटचे उरलेले हप्ते आणि अदलाबदलीत दुसऱ्या संघाला दिलेल्या खेळाडूच्या पगाराचा स्वतःकडे ठेवलेला वाटा (जास्तीत जास्त ५० टक्के, एका वेळी तीनच करारांवर) अशी बेरीज करा. खालच्या लीगमध्ये पाठवलेल्या महागड्या खेळाडूंपाशी सावध राहा: २०२५-२६मध्ये प्रत्येकी ११ लाख ५० हजारच वजा होतात, त्यावरची रक्कम कॅपवर राहते.