संगणकांची नोंद: एक नग, एक ओळ

शाळा-कॉलेजांच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) बऱ्याचदा ‘संगणक संच, नग 20’ एवढीच ओळ असते. वॉरंटी कोणत्या मशीनची शिल्लक आहे, ते त्यावरून कळत नाही. प्रत्येक नगाला स्वतंत्र ओळ हवी.

आधी बिले काढून बसू नका, खोल्या फिरा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने एक्सेलमध्ये लिहायचे. नंबर साधा द्या: पीसी-0042. त्यात खोली किंवा विभाग घालू नका. मशीन लॅबमधून ग्रंथालयात गेले की नंबर खोटा पडतो. मॉनिटर, यूपीएस, प्रिंटर, नेटवर्क स्विच यांना वेगळे नंबर. कीबोर्ड-माऊस वगळा, नाहीतर रजिस्टर दोन महिन्यांत कोणी हातात घेणार नाही.

स्टिकर कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणावर नको. दुरुस्तीत झाकणे बदलली जातात आणि एका मशीनवर दुसऱ्याचा नंबर येतो. मागच्या पत्र्यावर लावा, आधी स्पिरिटने पुसून. साधे थर्मल लेबल उष्णतेने खराब होते. शाईच्या रिबनने छापलेले पॉलिएस्टर लेबल टिकते.

खरी पंचाईत असेंबल्ड मशीनची. त्यांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) सिरियल नंबरच्या जागी अनेकदा ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’, म्हणजे ‘उत्पादकाने भरायचे’, एवढेच असते. जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरीसारखे संगणकांची यादी ठेवणारे सॉफ्टवेअर सिरियलवरून मशीन ओळखत असेल, तर असे दहा पीसी एकच समजले जाऊ शकतात. अशा वेळी मदरबोर्डचा सिरियल आणि मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) लिहा. रॅम किती आणि डिस्कचा सिरियल हे मात्र सगळ्याच मशीनचे नोंदवा. दुरुस्तीला गेलेले मशीन 8 जीबी घेऊन जाते आणि 4 जीबी घेऊन परत येते, तेव्हा हाच पुरावा.

खरेदीची तारीख, बिल क्रमांक, वॉरंटीची मुदत, सध्याची जागा, जबाबदार व्यक्ती आणि विंडोजची आवृत्ती हे रकाने पुरेत. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे शेवटचा रकाना आधी भरा.

जागाबदलाची नोंद त्याच दिवशी. नोंदवह्या बिघडतात त्या इथेच. वर्षातून एकदा पडताळणी दोन्ही बाजूंनी करा: यादीतली वस्तू खोलीत आहे का, आणि खोलीतली वस्तू यादीत आहे का. दुसरी बाजू तपासली नाही तर देणगीत आलेली मशीन कायम नोंदीबाहेर राहतात.

भंगारात काढताना क्विक फॉरमॅटवर विसंबू नका, त्याने डेटा जात नाही. डिस्क पूर्ण पुसा किंवा काढून फोडा. निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून कमी करण्याचा) ठराव करून नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याला द्या, पावती घ्या. रजिस्टरमधली ओळ खोडू नका. शेऱ्यात ठराव क्रमांक लिहा आणि तो नंबर पुन्हा कोणाला देऊ नका.