१२७ अंश, आणि पीसी थंडगार

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये पहिल्यांदा पीसीच्या आतलं तापमान दाखवणारी 'सेन्सर्स' कमांड चालवली, तर एका ओळीपुढे चक्क १२७ अंश! मी घाबरून थेट प्लगच काढला. नंतर कळलं की मदरबोर्डच्या त्या पिनांना सेन्सर जोडलेलाच नव्हता. त्यामुळे आकडा किती, याच्याआधी तो कुणाचा, हे बघायचं.

उबुंटू किंवा डेबियनवर 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज टाका. मग सुडो लावून (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) सेन्सर शोधणारं 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवा. ते प्रश्नांची सरबत्ती करतं. मी सगळीकडे नुसतं एंटर दाबतो. फक्त शेवटी, सापडलेली मोड्यूल्स (सेन्सर वाचणारे ड्रायव्हर) फाइलमध्ये लिहू का असं विचारल्यावर 'यस' पूर्ण टाइप करायचं, कारण तिथे एंटरचा अर्थ 'नो' होतो.

आता 'सेन्सर्स'. इंटेल असेल तर 'कोअरटेम्प', एएमडी असेल तर 'के१०टेम्प' या मथळ्याखालचे आकडे प्रोसेसरचे. 'ऑक्सटिन' वगैरे नावांच्या, मदरबोर्डवरच्या जादा सेन्सर-पिनांच्या ओळींवर माझा काडीचा विश्वास नाही. एएमडीचा 'टीसीटीएल' हा आकडा पंख्याच्या नियंत्रणासाठी असतो. रायझन १८००एक्सवर तो खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंश चढा ठेवलेला आहे.

एनव्हीएमई एसएसडीचं तापमान कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.५ पासून 'सेन्सर्स'मध्येच दिसतं. साटा डिस्कसाठी ५.६ पासून 'ड्राइव्हटेम्प' मोड्यूल आहे, ते 'मॉडप्रोब' कमांडने लोड करा. ग्राफिक्स कार्डाला एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर त्याच्या तापमानासाठी 'एनव्हिडिया-एसएमआय' कमांड.

पण नुसता बसल्या जागीचा आकडा फारसं काही सांगत नाही. एका खिडकीत 'वॉच' कमांडने दर २ सेकंदांनी 'सेन्सर्स' चालू ठेवा, दुसरीत प्रोसेसरवर मुद्दाम ताण देणाऱ्या 'स्ट्रेस-एनजी'ने सगळे कोअर १० मिनिटं राबवा, आणि आकडा कसा चढतो ते बघत बसा. माझा ४१ वरून काही सेकंदांतच ९७ वर गेला. इतकी उडी म्हणजे उष्णता चिपमधून कूलरपर्यंत पोहोचतच नाही: चिप आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली, नाहीतर कूलर नीट टेकलेला नाही. माझ्या कूलरची एक पिन सुटली होती. हळूहळू, मिनिटामिनिटाने चढत राहिला तर आधी धूळ आणि पंखे तपासा. प्रोसेसरने वेग कमी केला होता का, हे इंटेलवर कर्नलच्या लॉगमध्ये 'थ्रॉटल्ड' शब्द शोधला की कळतं.

स्वतःची स्क्रिप्ट लिहायची असेल तर हेच आकडे 'सिस' फाइलसिस्टिममधल्या 'एचडब्ल्यूमॉन' फोल्डरांत मिळतात, अंशाच्या हजाराव्या भागात. ४५००० दिसलं तर दचकू नका, ते ४५ अंशच. मात्र फोल्डरचा क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतो, म्हणून आधी आतली, सेन्सरचं नाव सांगणारी 'नेम' फाइल वाचून मगच पुढचं वाचा. मी क्रमांकच पक्का लिहून टाकला होता, आणि बरेच दिवस एसएसडीचं तापमान प्रोसेसरचं समजून खूश होतो.