कोरियन स्वर शिकताय? मग या चुका टाळा

कोरियनमध्ये कॉफीला साधारण ‘खॉफी’ म्हणतात, आणि हाच शब्द ओठ गोल करून ‘खोफी’ असा म्हटला की अर्थ होतो घोळणा फुटून नाकातून आलेलं रक्त. फरक फक्त पहिल्या स्वराचा. म्हणून म्हणते, स्वर नंतर बघू म्हणून पुढे पळू नका.

सगळ्यात मोठी चूक वहीत होते. कोरियन अक्षरावर बारीक अक्षरात इंग्रजी स्पेलिंग लिहून ठेवायचं आणि मग तेच वाचायचं. मी दोन महिने हेच केलं आणि डोळे कोरियन अक्षराकडे जायचेच बंद झाले. वर इंग्रजी स्पेलिंग फसवतं. त्या ‘ऑ’सारख्या स्वरासाठी इंग्रजीत ई आणि ओ अशी दोन अक्षरं लिहितात, मग आपण राजधानीला सेऊल म्हणतो, खरं ते ‘सॉ-उल’च्या जवळ आहे. ह्युंदाईचंही तसंच, तिकडे ते ‘ह्यॉन्दे’ असं ऐकू येतं. देवनागरीत लिहिलं तर बरंच बरं पडतं, पण दोन स्वरांना देवनागरीतही अक्षर नाही आणि नेमके तेच चुकतात.

आकारांमध्ये गोंधळ होतो तो काडी कुठे आहे हे न बघितल्यामुळे. मूळ रचना सोपी आहे, राजा सेजोंगने ही लिपी 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये लोकांसमोर आणली, त्यात आडवी रेघ म्हणजे जमीन, उभी रेघ म्हणजे माणूस आणि आजची छोटी काडी तेव्हा गोल ठिपका होती, तो म्हणजे आकाश. आपल्याला लक्षात ठेवायला बाराखडीच पुरते! उभ्या रेघेला काडी उजवीकडे असेल तर ‘आ’, आपला काना उजवीकडेच येतो ना. आडव्या रेघेच्या खाली काडी असेल तर ‘उ’, उकार खालीच असतो. काडी वर असेल तर ‘ओ’, आपली मात्रा वर जाते तशी. उरली उभ्या रेघेची डावीकडची काडी, तो आपला ‘ऑ’. एकाऐवजी दोन काड्या दिसल्या की स्वराच्या आधी य लावायचा, या, यॉ, यो, यु. झालं.

अजून एक, आपला क मुळातच ‘अ’ घेऊन येतो, कोरियन व्यंजनात असा लपलेला अ नसतो. स्वराच्या खाली बसलेलं व्यंजन पाय मोडलेलं समजा. आणि शब्द किंवा शब्दातलं एखादं अक्षर स्वराने सुरू होत असेल तर आधी एक गोल काढतात, तो तिथे वाचायचा नाही, सावरकरी लिपीत इ, उ ऐवजी अि, अु लिहिताना अ जसा नुसता आधाराला असतो तसंच काम आहे त्याचं. तोच गोल खाली आला की मात्र ‘ङ्’.

आता ते दोन अवघड स्वर. ‘ऑ’साठी ऑफिसमधला ऑ घ्या, जबडा तसाच ठेवा आणि ओठांचा गोल सोडून द्या, ओठ सैल. दुसरा म्हणजे नुसती आडवी रेघ. हा आपल्याकडे नाहीच, म्हणून सगळे ‘उ’ म्हणून मोकळे होतात. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, लांब ‘उ…’ म्हणत राहा आणि आवाज न थांबवता, जीभ न हलवता ओठ हळूहळू बाजूला ताणा, हसल्यासारखे. मध्येच आवाज बदलतो आणि काहीतरी अनोळखी ऐकू येतं, तोच तो. कॅमेऱ्यात ओठ पुढे आलेले दिसले तर परत ‘उ’च झालाय. ‘गुल’ ओठ गोल करून म्हटलं तर ते कोकणातलं कालव, आणि ओठ ताणून म्हटलं तर लिखाण. लिपीच्या हांगुल या नावात शेवटी हाच ‘लिखाण’वाला शब्द आहे, म्हणजे गोल ओठांनी आपण नावच चुकीचं घेतो.

उलट काही ठिकाणी उगाच जीव काढू नका. ‘ए’ आणि ‘ॲ’ असे शिकवले जाणारे दोन वेगळे स्वर आज राजधानीत बहुतेक जण सारखेच बोलतात, इतके की ‘माझं’ आणि ‘तुझं’ यांचे शब्द सारखे ऐकू यायला लागले आणि लोक बोलताना ‘तुझं’साठी ‘नी’ म्हणायला लागले. ‘वे’सारखे ऐकू येणारे तीन स्वरही असेच एक झालेत. ऱ्हस्व-दीर्घचंही टेन्शन घेऊ नका. स्पेलिंग मात्र पाठच करावं लागतं, तिथे सुटका नाही.

जमलं का हे बघायला फोनमध्ये कोरियन कीबोर्ड टाका आणि त्यावर व्हॉइस टायपिंग करून एकच शब्द बोला, ‘खॉफी’. पहिल्या अक्षरात उभ्या रेघेच्या डावीकडे काडी आली तर तुमची कॉफी आली, आडव्या रेघेच्या वर काडी दिसली तर ओठ अजून सैल सोडा आणि परत बोला.